सुईशिवायचा एक बेडूक

सर, आजच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आहे. बेडकांच्या तंगड्या परदेशात पाठवायला सरकारनं बंदी घातली. तुम्ही असता तर पेपर बगलेत मारून सायकलवर अख्ख्या सीताबर्डीला सांगत सुटला असता, मग कॉलेजात पेढे वाटले असते आणि पेढे खाणाऱ्यांना तेच जुनं भाषण पुन्हा ऐकवलं असतं. ज्या गोष्टीसाठी तुम्ही अर्धं आयुष्य अर्ज केले, सभा घेतल्या, चपला झिजवल्या, ती झाली आणि ती बघायला तुम्ही नाही. वाचून माणसाला वाईट वाटायला पाहिजे. मला राग आला. इतका आला की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी तशीच पेपर धरून उभी राहिले. मेलेल्या माणसावर काय रागवायचं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. आज नाही समजावणार. आज सुट्टी आहे, घरात मी आणि माय दोघीच आहोत, आणि मी बसून तुमच्यावर पोटभर रागावणार आहे. तुम्हाला मध्येच 'मुद्द्यावर ये' असं म्हणता येणार नाही, हे एक बरं आहे.

माझं पहिलं प्रॅक्टिकल तुम्हाला आठवतं का? मला लख्ख आठवतं. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, खिडकीपाशी बेडकांचा टब, टेबलावर क्लोरोफॉर्मची बरणी, आणि वर्गातल्या पोरी दुपट्टा तोंडाला लावून ईऽ ईऽ करताहेत. मी गेले, ओल्या हातानं एक बेडूक बरोबर कमरेत पकडला, ट्रेमध्ये आडवा केला आणि कात्री थेट त्याच्या कमरेला लावली. बरणीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तुम्ही पलीकडच्या टेबलावरून ओरडलात, "हा खाटीकखाना नाही! इथे आधी त्याला झोपवतात, मग हात लावतात. एवढी माणुसकी नसेल तर दुसरा विषय घे." सगळा वर्ग हसला. बेडूक माझ्या हातातून सुटला, बाकाखाली गेला आणि पोरी बाकावर चढल्या. मी खाली वाकून तो शोधत बसले, कारण वर मान करायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला खोलीत बोलावलं आणि नीट विचारलं की असा बेडूक धरायला कुठे शिकलीस. कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तुम्हाला सांगितलं. माझा बाप खापा गावचा विणकर होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मायनं माग विकला, मला घेऊन नागपुरात आली आणि सदरच्या मागे, रेल्वे लाईनच्या अलीकडे एका ठेकेदाराच्या शेडमध्ये कामाला लागली. खाप्याच्या नातेवाइकांना तिनं सांगितलं होतं की बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. ते अगदीच खोटं नव्हतं. बर्फ होताच तिथं. पावसाळ्यात भंडाऱ्याकडून ओल्या बोऱ्यांमध्ये जिवंत बेडूक यायचे. बाया विळीसारख्या उभ्या पावशीसमोर ओळीनं बसायच्या. बेडूक कमरेत धरायचा, पावशीवर दाबायचा, मागचे पाय या टोपलीत, उरलेला त्या ढिगात. पायांचं कातडं सोलायचं, धुवायचं, बर्फात भरायचं, आणि पेटी मुंबईला, तिथून बोटीनं कुठल्या कुठे. उरलेले ढिगात बराच वेळ तोंड उघडत बसायचे. शाळा सुटल्यावर मी तिथंच मायच्या बाजूला अभ्यास करायची, म्हणून माझा हात तसा पडला होता. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, आणि सर, तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. मला वाटलं, माझ्या मायसाठी पुसलेत. किती भोळी होते मी!

त्यानंतर तुम्ही मला जवळ केलंत, ते मी नाकारत नाही. तुमची स्वतःची डिसेक्शनची पेटी दिलीत, काळ्या रेक्झिनची, आतला मखमली कप्पा जरा विरलेला. तुमच्या वडिलांनी तुम्हाला घेऊन दिलेली. "तुझ्या हाताला हीच शोभेल," म्हणालात. धंतोलीतल्या तुमच्या घरी मला जेवायला बोलावू लागलात. काकू स्वयंपाकघरात माझ्यासाठी वेगळा नाही, आपल्याच शेजारी पाट मांडायच्या, गोळाभातावर फोडणीचं तेल सढळ हातानं घालायच्या आणि मी पुरे म्हटलं तरी वाढत राहायच्या. बाप गेल्यापासून कुणी पुरुषमाणूस माझ्याशी जेवताना बोललं नव्हतं. तुम्ही बोलायचात. गरजेचं मांस वेगळं आणि चैनीचं वेगळं, असं म्हणायचात. भुकेल्या माणसानं कोंबडी मारली तर मी त्याला काही म्हणणार नाही, पण तिकडे कुणाला दारूबरोबर कुरकुरीत लागतं म्हणून इकडे पोत्यानं जीव अर्धे कापून टाकायचे, हा कुठला न्याय? ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, त्याच्यासाठी एवढी यातना द्यायचा माणसाला हक्क नाही. त्यावर बंदीच पाहिजे, दुसरं औषध नाही. मी हातातला घास तसाच धरून ऐकायची. मला ते पटायचं. आजही पटतं, तिथं आपलं भांडण नाही.

भांडण कुठं आहे ते येतंच पुढे, पण आधी एक राहिलेलं बोलून घेते, कारण तेव्हा सुचलं नाही आणि वीस वर्षं घशाशी अडकलं आहे. हे सगळं तुम्ही बोलायचात तेव्हा अंगावर पूजेचं रेशमी सोवळं असायचं. माझ्या बापानं जन्मभर रेशमी काठ विणले. रेशीम कसं निघतं ते आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. कोष उकळत्या पाण्यात टाकतात आणि आतला किडा जिवंत असतो. त्याच्यावाचून कुणाचं अडतं, सर? सुती नेसून देव पावत नाही का? तुम्ही म्हणाल, मुद्दा भरकटतोय. नाही भरकटत. मला एवढंच म्हणायचं आहे की चैन कुठली आणि गरज कुठली हे ठरवायला बसलेला माणूस आपल्या अंगावरचं कधी मोजत नाही. दुसऱ्याच्या ताटातलं बरोबर दिसतं. आणि जिच्या हातून ते ताट भरतं ती बाई तर कुणालाच दिसत नाही. आमच्या शेडमधल्या एकाही बाईनं ती तंगडी कधी जिभेला लावली नव्हती.

आता सुईचं. दुसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला बेडूक सुईनं मारायला शिकवलंत. डोकं बोटानं जरा खाली वाकवायचं, मानेच्या मागे एक खळगा लागतो, तिथून सुई वर मेंदूत, मग फिरवून खाली कण्यात. क्षणभराचं काम. पाय ताणले जातात आणि मग सैल पडतात, की झालं. मला पहिल्याच झटक्यात जमलं आणि तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पुढच्या मुलीला म्हणालात, "तिचं बघ." त्या रविवारी मी घरी मायला म्हटलं, तुला एक दाखवू का? मायनं आधी वेड्यात काढलं. एवढ्या बोऱ्या पडल्या राहतात, एकेकाच्या मानेत सुई टोचत बसू का, म्हणे. मी तिच्यासोबत शेडमध्ये गेले आणि करून दाखवलं. मेलेला बेडूक पावशीवर लाथा मारत नाही, हातातून सटकत नाही, बोट कापत नाही. दिवसाच्या शेवटी मायचं काम उलट लवकर आटपलं. मग तिनं इतवारीतून दाभणं आणली, शेजारच्या बाईला शिकवलं, तिनं तिच्या शेजारणीला. मुकादमानं दोन दिवस कुरकुर केली, मग पेट्या वेळेवर भरताहेत बघून गप्प बसला. महिन्याभरात सगळी ओळ सुई लावू लागली. ढीग गप्प झाला, सर. मी तुम्हाला हे नीट सांगू शकले की नाही ते मला माहीत नाही. माय इतकी वर्षं त्या ढिगाकडे पाठ करून भाकर खायची. त्या दिवसांत ती पहिल्यांदा सरळ बसून जेवली. "आता कसं मोकयं वाटते वं," म्हणाली.

मी धावत तुमच्याकडे आले. अक्षरशः धावत, धंतोलीच्या वळणावर चप्पल तुटली तर हातात घेऊन आले. काकूंनी दार उघडलं, तुम्ही आत मासिक वाचत होतात, आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुमची सुई, माझी माय, सगळी ओळ. मला वाटलं, तुम्ही उठून उभे राहाल. तुम्ही मासिक मिटलंत. मग म्हणालात, "हे तू कुणाला सांगू नकोस." मी विचारलं, का? तुम्ही मला बसवलंत आणि शांतपणे समजावलंत, मला शिकवायचात तसंच. असा उपाय निघाला की धंदा सभ्य होतो, म्हणालात. उद्या ठेकेदार सांगेल, आमच्याकडे जीव तडफडत नाही, मग बंदी कशाला? लोकांना यातना दिसल्या तरच लोक पेटतात. "तू चांगलं केलंस असं तुला वाटतं, पण तू त्यांचं काम सोपं करते आहेस." मी ऐकून घेतलं. तुमच्यासमोर मी नेहमीच ऐकून घ्यायची.

सर, मी आता स्वतः शिकवते. अर्धं वय झालं. तुमचं ते बोलणं मी किती वेळा उलटून पालटून पाहिलं असेल. त्यात खोट काढता येत नाही असं पहिल्यांदा वाटतं. मग एक साधा प्रश्न येतो, आणि तो तुम्ही मला विचारूच दिला नाहीत. बंदी येईस्तोवर जे बेडूक कापले जाणार होते, त्यांचं काय? बंदी आज आली. मध्ये इतके पावसाळे गेले. त्या प्रत्येक पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये जिवंत बेडूक पावशीवर दाबला गेला. त्यातल्या बऱ्याच जणांना एका दाभणाचा आधार मिळू शकला असता. तुमच्याकडे सभा होत्या, पत्रकं होती, गावोगाव ओळखी होत्या. तुम्ही सांगितलं असतं तर ती सुई भंडाऱ्यापर्यंत गेली असती. पण तुम्हाला तडफडणारा बेडूक हवा होता, कारण शांत मेलेल्या बेडकावर भाषण होत नाही. दया म्हणे! दयेलासुद्धा कच्चा माल लागतो तर.

आणि एवढ्यावर थांबला असतात तरी मी आज दूध उतू जाऊ दिलं नसतं. थोड्याच दिवसांनी तुम्ही म्हणालात, मला ती शेड बघायची आहे, सोबत पेपरातले एक मित्र येतील. मला वाटलं, तुमचं मन वळलं. मायला सांगितलं तर ती हरखून गेली. पोरीचे सर आपल्याकडे येणार! तिनं पेटीतलं माझ्या बापानं विणलेलं लुगडं काढलं, लाल काठाचं, जे ती फक्त खाप्याच्या लग्नांना नेसायची. मी म्हटलं, माय, तिथं रक्त राहते, पानी राहते, हे काय नेसून चालली? तर म्हणते, "तुह्ये सर का रोज रोज येते?" चहाचे कप घरून नेले, घरचा चिवडा नेला. शेडमधल्या बाया तिला चिडवत होत्या, कोन्या लग्नाले चालली वं, म्हणून.

तुम्ही आलात, नाकाला रुमाल लावून. मी ते तेव्हाही पाहिलं होतं. मायनं आधी चहा दिला आणि मग दाखवायला बसली. मोठ्या ऐटीत दाखवत होती, बापा. असं डोकं वाकवाव, इथं बोट लावाव, अशी सुई. तुमचे मित्र कॅमेरा डोळ्याला लावून फिरले, दोनतीन फोटो काढले आणि कंटाळून म्हणाले की यात काहीच दिसत नाही, मेलेला बेडूक तर मेलेलाच दिसणार. तुम्ही मायच्या समोर उकिडवे बसलात आणि अगदी मऊ आवाजात, काकूंशी बोलायचात तसं म्हणालात, "बाई, एक सुईशिवाय करून दाखवता? पूर्वी करायचात तसं. फक्त एक."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मला काही उमजेना. मग तिनं तुम्हाला विचारलं, "काहून?" तुम्ही म्हणालात, लोकांना कळायला पाहिजे. माय म्हणाली, "आता आमी तसं नाई करत, सर." तुम्ही म्हणालात, "माझ्यासाठी." घरी आलेला माणूस, त्यातून पोरीचा गुरू, चहा प्यायलेला, समोर उकिडवा बसलेला. आमच्याकडे अशा माणसाला नाही म्हणत नाहीत, सर. ती आमची रीत आहे आणि तुम्हाला ती पुरती माहीत होती. मायनं सुई पदराला टोचून ठेवली, बोरीतून एक बेडूक काढला आणि पावशीवर धरला. तुमचे मित्र म्हणाले, "बाई, इकडे बघा." मायचा जन्मात एकच फोटो निघाला होता, खाप्याच्या जत्रेत, माझ्या बापासोबत, रंगवलेल्या पडद्यासमोर. तेव्हा फोटोवाल्यानं सांगितलं होतं की फोटोत हसाव लागते. म्हणून तिनं वर पाहिलं आणि ती हसली.

तो फोटो छापून आला. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी बाई, आणि तिच्या हाताखाली अर्धा कापलेला, तोंड वासलेला बेडूक. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, हसत हसत कत्तल. खाली तुमचा लेख. लेख फार चांगला होता, मी खोटं बोलणार नाही. सुईचा त्यात एक शब्द नव्हता. पेपर खाप्याला पोचायला काय वेळ लागतो! मायचा चेहरा ओळखायच्या आधी लोकांनी ते लुगडं ओळखलं, कारण प्रत्येक लग्नात पाहिलेलं. खाप्याच्या आमच्या सगळ्या लग्नाकार्यांत पाटोडीचा रस्सा माझ्या मायच्या हातचा व्हायचा. विधवा बाई मांडवात कुठं मिरवणार, पण चुलीपाशी तिचा मान होता. तिच्याशिवाय कढई चढत नव्हती. त्या उन्हाळ्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न निघालं. माय आदल्या दिवशी गेली, पदर खोचला, बेसन कालवायला बसली, तर मामीनं परात ओढून घेतली. म्हणाली, पोरीच्या सासरचे म्हणून राहिले, त्या हातचं आमी खात नाही. मामा बाजूलाच उभा होता, तो विड्याची पानं पुसत राहिला. माय हात धुवून, गोठ्यापाशी बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून एसटीनं परत आली. पुन्हा तिनं खाप्याच्या एकाही लग्नात पदर खोचला नाही.

शेडचं तुम्हाला ठाऊकच आहे. ओरड झाली, महापालिकेनं वास येतो म्हणून शेडला टाळं ठोकलं. तुम्ही सत्कार घेतलात. ठेकेदारानं दोन महिन्यांत भंडाऱ्याच्या बाजूला नवी शेड टाकली, नव्या बाया बसवल्या. त्या बायांना सुई दाखवणारं कुणी नव्हतं. माय संत्रा मंडीत पेट्या भरायला जाऊ लागली. काम वाईट नव्हतं, हाताला वास चांगला यायचा. पण शेडमध्ये ती शिकवणारी होती, चार बाया तिला विचारून करायच्या. मंडीत ती कुणीच नव्हती.

मी पेपर घेऊन तुमच्याकडे आले होते ते तुम्ही विसरला नसाल. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. तुम्ही म्हणालात की चेहरा झाकायला हवा होता, ते राहून गेलं, त्याचं वाईट वाटतं. मग लगेच म्हणालात, पण परिणाम बघ किती झाला! मोठ्या कामात एखाद्या माणसाला थोडं सोसावं लागतं, तू शहाणी आहेस, तुला कळेल. मी म्हटलं, सर, त्या दिवशी त्या शेडमध्ये तडफडून मेलेला एकच बेडूक होता आणि तो तुम्ही मारायला लावला. तुम्ही म्हणालात, "मुद्द्यावर ये." तोच मुद्दा होता, सर! दुसरा मुद्दाच नव्हता. मी घरी आले आणि पुन्हा तुमच्या पाटावर जेवायला बसले नाही. परीक्षा दिली, पहिली आले, तुमच्या पाया पडले नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा शाळेत तास घेत होते. तास पुरा केला.

आज बातमी मायला वाचून दाखवली. तिला आता फार दिसत नाही, ऐकायला मात्र सगळं येतं. भाजी निवडत होती. "बंद झालं का? बरं झालं," म्हणाली. मी चिडले. म्हटलं, बरं काय झालं, तुले सरांनी देशोधडीला लावलं आन तू बरं म्हणते? तर म्हणाली, "सर खोटं नोयते बोलत वं. मले बी तो ढीग पाहवत नोयता." मग मेथीची काडी हातात तशीच धरून बसली. म्हणाली, "पन त्या एका बेडकाचं पाप कोनाले लागलं असन?"

मी ताडकन म्हटलं, सरांना. दुसऱ्या कुणाला लागणार? ती मान हलवत राहिली. "नाई वं," म्हणाली. "सुई तं माह्याच पदराले होती."

सर, ऐकलंत? वीस वर्षं ती बाई हे घेऊन बसली आहे. हजारो बेडूक कापले त्याचं तिला काही वाटत नाही असं नाही, पण ते पोटासाठी होतं, असं ती देवाला सांगू शकते. त्या एकाचं ती काय सांगणार? तो पोटासाठी नव्हता. कुणाला कुरकुरीत लागतं म्हणूनही नव्हता. तो तुमच्या लेखासाठी होता. तुमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या शेडमधली खरी चैन ती एकच होती, आणि ती तुम्ही केलीत. बंदी योग्यच आहे. मला कुणी सही मागितली असती तर मी डोळे मिटून केली असती. पण त्या बंदीच्या खाली माझ्या मायचं हसू गाडलेलं आहे, आणि पेपरातल्या त्या चार ओळींत त्याचा कुठं पत्ता नाही.

हा कागद पाठवायचा तरी कुठे! तुमच्या पेटीत ठेवून देईन, त्या विरलेल्या कप्प्यात. पेटी मी टाकली नाही. दर वर्षी मुलींना बेडूक दाखवायची वेळ येते तेव्हा तीच काढते, आणि क्लोरोफॉर्म संपलेला असला की तुमचीच सुई वापरते. माझा हात अजून तसाच चालतो. सुई फिरते, पाय सैल पडतात, मुली गप्प होतात. आणि दर वेळी, सर, मी मान वर करून बघते. त्या दिवशी चप्पल हातात घेऊन मी तुमच्याकडे फक्त एका शब्दासाठी धावत आले होते. शाब्बास म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं? मला तो शब्द अजून हवा आहे, आणि तुमच्याच तोंडून हवा आहे. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.